सुवार्ता बाजारात उतरते

त्या राज्यात आता धन्याच्या घरी कोणी जात नसे. कोणाचे त्या घराशी भांडण नव्हते. जनावरे दारावरून जात, भिंतींची उंची पाहत आणि आपापल्या कामाला लागत.

त्या घराच्या मनोऱ्यात सुवार्ता नावाची घंटा होती. वर्षानुवर्षे तिने सगळ्यांना वरूनच बोलावले होते. एके दिवशी ती घरच्या दोन मेंढ्यांना म्हणाली, "ते येत नाहीत, तर आपणच जाऊ. मला गाड्यावर चढवा."

गाडा बाजारात पोहोचला तेव्हा तिथे विलक्षण शांतता होती. सगळी जनावरे कान टवकारून उभी होती. सुवार्तेला भरून आले. एवढे श्रोते तिला मनोऱ्यावरून कधी दिसले नव्हते. ती जीव तोडून वाजली.

गेंदी नावाची गाढवी पुढे आली. "बाई, जरा थांबता का? आमचे आंधळे बैलबाबा सकाळपासून सापडत नाहीत. कुठून आवाज येतोय का, ते ऐकतोय आम्ही."

"त्यांच्यासाठीच तर वाजते आहे," सुवार्ता म्हणाली. "धन्याच्या घरी हरवलेल्या प्रत्येकाला जागा आहे."

"असेल हो. पण आधी सापडू तर द्या."

सुवार्तेला ते बोलणे लागले. किती निबर झाली आहेत यांची मने, असे तिला वाटले आणि ती आणखी जोरात वाजू लागली. जनावरे कान पाडून पांगली. मेंढे मात्र खूश होते. "किती लांबवर ऐकू गेले असेल!" ते म्हणाले.

खरेच लांबवर गेले होते. ऊन कलल्यावर बैलबाबा बाजारामागच्या दगडखाणीत सापडले. मागचा पाय मोडला होता, ओठ सुकले होते. चार सांत्वनाचे शब्द बोलावेत म्हणून सुवार्ताही गाडा घेऊन तिथे गेली.

चाकांचा आवाज ऐकून बैलबाबांनी मान वळवली. "तूच ना ती वाजणारी? तुझा आवाज फार गोड आहे गं. मी ओ देत होतो. पण ओ दिली की तू पुन्हा वाजायचीस. मग माझा घसाच बसला."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मेंढ्यांनी माना खाली घातल्या. सुवार्तेला तेही जमेना. तिच्या घासूनपुसून चकचकीत ठेवलेल्या अंगात भोवतालचा प्रत्येक चेहरा उमटला होता आणि त्यांतला एकही तिला टाळता येत नव्हता.

"पाणी," बैलबाबा पुटपुटले.

झरा खाणीच्या पलीकडे होता. पाणी आणायला कोणाजवळच भांडे नव्हते. गेंदी इकडेतिकडे पाहू लागली.

"मला उलटी करा," सुवार्ता हलकेच म्हणाली.

मेंढे घुटमळले. "उलटी? मग तुम्ही वाजणार कशा?"

गेंदीने गाड्याला खांदा दिला. सगळ्यांनी मिळून सुवार्तेला काठोकाठ भरून आणले. बैलबाबा तिच्यात तोंड घालून सावकाश पीत राहिले. पाण्याच्या तळाशी तिची जीभ निपचित पडली होती.