बर्णबा समुपदेशक होतो

खांडेवाडी गावात एक भोळा बर्णबा राहायचा. गावात शहाणे भरपूर होते, म्हणून त्याचं एकट्याचं खपून जायचं. कोणी म्हणालं, "दार लावून आत बस," तर तो दार लावून बसायचा, आणि "आता उघड" असं कोणी म्हणेपर्यंत जेवायलाही उठायचा नाही.

या बर्णबावर दीनाचा जीव होता. दीना मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि शहाणी होती, त्यामुळे गावाला हे कोडं कधी सुटलं नाही. ती म्हणायची, खोटं बोलायला डोकं लागतं, आणि बर्णबाकडून तो धोका नाही.

दीनाचे वडील दाविद मास्तर मात्र अडून बसले. नुसता बी.ए. झालेला जावई त्यांना नको होता. चर्चच्या अंगणात चार माणसांत नाव घेता येईल अशी मोठी पदवी आण, मग ईस्टरनंतरच्या सोमवारी लग्न, असं त्यांनी सांगितलं. म्हणून बर्णबा शहरातल्या सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, गेला आणि समुपदेशनाच्या वरच्या वर्गात बसला. प्रवेश सहज मिळाला. त्या वर्षी जागा बारा होत्या आणि अर्ज अकरा.

शिकवायला आढाव सर होते. सरांनी परदेशात सात वर्षं राहून 'दुःख' या विषयावर डॉक्टरेट केली होती. जिन्यात कोणी रडत बसलेलं दिसलं की सर दुसऱ्या जिन्याने जायचे. खोलीत बर्णबाच्या सोबतीला आमोस खरात होता. तो वर्गात झोपायचा आणि परीक्षेत पहिला यायचा. बर्णबा जागा राहून सगळं लिहून घ्यायचा.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, "सल्ला देऊ नका. माणूस जे बोलेल तेच त्याला परत द्या, आरशासारखं."

बर्णबाने लिहून घेतलं. संध्याकाळी फाटकापाशी एक म्हातारबा धापा टाकत आले आणि त्यांनी विचारलं, एसटी स्टँड कुठं आहे.

"तुम्हाला स्टँडवर जायचंय," बर्णबा म्हणाला.

"व्हय. कुठं हाय त्ये?"

"ते कुठं आहे हे तुम्हाला कळत नाहीये."

"आरं, म्हणून तर इचारतोय. गाडी सुटंल माझी."

"गाडी सुटेल अशी तुम्हाला भीती वाटतेय."

गाडी सुटली. नातीचं लग्न होतं, तेही चुकलं. म्हातारबांनी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन जे काय सांगायचं ते सांगितलं, आणि ते मात्र त्यांना कोणी परत दिलं नाही.

सरांनी कपाळावर हात मारला. कोणी वाट विचारली तर थेट वाट दाखवावी, हात करून, डावं-उजवं सांगून, एवढं साधं कळू नये का, असं ते म्हणाले. बर्णबाने तेही लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिकासाठी त्याला शहरातल्याच दवाखान्यात पाठवलं. तिथे सुशीलाबाई म्हणून एक म्हातारी पाय मोडून पडली होती. बाकी तब्येत ठणठणीत होती, पण कोणीतरी चौकशी करावी, दोन गोड शब्द बोलावेत, एवढी बिचारीची हौस. ती म्हणाली, "बाबा, मला आता वर जायचंय. वाट काही दिसत नाही."

बर्णबाने खिडकीतून हात केला. "या दाराने बाहेर पडा. सरळ गेलं की डाव्या हाताला शवागार. तिथे थांबावं लागेल. मग मागच्या फाटकाने उजवीकडे वळलं की कबरस्तान. चालत पाच मिनिटं. तुमच्या पायाला दहा लागतील."

महिनाभर अंथरुणाला खिळलेली सुशीलाबाई त्या दिवशी प्रथमच उठून उभी राहिली. काठीने तिने त्याला वॉर्डाच्या दारापर्यंत पोचवला. डॉक्टर म्हणाले की इतक्या झपाट्याने सुधारणा त्यांनी पाहिली नव्हती.

सर मात्र संतापले. "दुखणाइताला वाटा कसल्या दाखवतोस? त्याचा हात हातात घ्यायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याचं दुःख आपलं मानायचं. डोळे भरले तर भरू द्यायचे."

नेमका त्याच शनिवारी बर्णबाचा साखरपुडा होता. त्याने मांडवात शिरल्या शिरल्या दाविद मास्तरांचा हात धरला आणि गप्प बसला. मास्तरांनी प्रवासाचं विचारलं. गप्प. चहा हवा का विचारलं. गप्प. मग लेक सासरी जाणार या मास्तरांच्या दुःखाचा त्याने विचार केला आणि त्याचे डोळे घळाघळा वाहायला लागले. बायका कुजबुजल्या की मुलाला दटावून आणलाय. मास्तर हात सोडवून घ्यायला बघत होते, पण धडा पक्का होता, हात काही सुटेना. साखरपुडा मोडायचंच ते म्हणत होते.

तेवढ्यात दीना पुढे आली. तिने बर्णबाचं एकेक बोट सोडवून वडिलांचा हात मोकळा केला आणि त्यातल्याच एका बोटात अंगठी घातली. "सकाळपासून उपाशी आहे तो," तिने सगळ्यांना सांगितलं, "वाढा त्याला."

दुसरं वर्ष सरता सरता शेवटचं प्रात्यक्षिक आलं. लग्न ठरलेलं एक जोडपं शोधायचं आणि त्याच्या सहा बैठका घ्यायच्या. दोघांचीही बाजू घ्यायची नाही. गुप्तता इतकी पाळायची की नावं सरांनाही सांगायची नाहीत. अहवालात वधू म्हणजे 'क' आणि वर म्हणजे 'ख'. बाकीची मुलं जोडपी शोधत गावोगाव फिरली. बर्णबाला एक जोडपं चांगलं माहीत होतं.

खांडेवाडीच्या संडेस्कूलच्या खोलीत त्याने तीन खुर्च्या मांडल्या. मधल्या खुर्चीवर बसून तो आधी दीनाला वधूचं म्हणणं विचारायचा, मग रिकाम्या खुर्चीला विचारायचा, "वरांचं काय म्हणणं?" मग उठून डावीकडच्या खुर्चीवर जायचा, उत्तर द्यायचा, आणि परत मधे येऊन ते लिहून घ्यायचा. पहिल्या दोन बैठका दीना पोट धरून हसली. तिसऱ्या बैठकीत हसली नाही. तिने सांगितलं की तिला एकाच गोष्टीची भीती वाटते. लग्न झालं की बाईला काय वाटतं हे कोणी विचारत नाही, तिच्या आईला कोणीच विचारलं नव्हतं.

समुपदेशकाने वराकडे विचारणा केली. बर्णबा उठून डावीकडे गेला आणि म्हणाला, "मी रोज विचारीन. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा."

इतकं खरं कोणी दीनाशी बोललं नव्हतं. याच माणसाशी लग्न करायचं, हे तिने त्या खोलीत पुन्हा एकदा ठरवलं.

अहवाल वाचून आढाव सरांना भरून आलं. 'क' आणि 'ख' कोण हे त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं नाही. बर्णबाला पहिला वर्ग मिळाला.

पदवीदानाच्या दिवशी सगळ्यांना हात वर करून सात वचनं घ्यावी लागली. पहिली चार प्रार्थना आणि पोशाखाबद्दल होती, ती सोपी गेली. पाचवं होतं की क्लायंटशी, म्हणजे ज्याच्या बैठका घेतल्या त्याच्याशी, कधीही लग्न करणार नाही. बर्णबाचा हात वर होता, तो तिथेच राहिला. सहावं, क्लायंटची गोष्ट बाहेर काढणार नाही. सातवं, क्लायंटचा निर्णय क्लायंटलाच घेऊ देईन, मधे येणार नाही.

समारंभ झाल्यावर त्याने सरांना गाठलं. सर झगा सावरून फोटोला उभे होते.

"सर, लग्न आधीच ठरलेलं असलं तर?"

"वचनाला जर-तर नसतं."

"आणि त्यामुळे केस अर्धवट राहिली तर?"

"अर्धवट का ठेवायची? सोपवायची. आपल्यापेक्षा हुशार माणूस बघायचा, क्लायंटचा हात त्याच्या हातात द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं. हं, जरा सरक, फोटोत येतोयस."

बर्णबा सरकला. त्याला फार वाईट वाटलं. आठ दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. पण गोष्ट बाहेर काढायची नव्हती, म्हणून त्याने आईलाही सांगितलं नाही. दीनाशी बोलावं, तर सहाच्या सहा बैठका संपलेल्या.

ईस्टरनंतरचा सोमवार उजाडला. चर्च भरलं. मास्तरांनी जावयाची पदवी पत्रिकेत ठळक अक्षरांत छापली होती. बेस्टमन म्हणून आमोस शेजारी उभा होता. पाळकसाहेबांनी विचारलं, "बर्णबा, तू हिला आपली पत्नी म्हणून स्वीकारतोस का?"

खोटं बोलायला डोकं लागतं. "नाही," बर्णबा म्हणाला. "ही माझी क्लायंट आहे."

मग त्याने सगळ्यांना नीट दिसेल असा दीनाचा हात उचलला, आमोसच्या हातात दिला आणि बाजूला झाला. "हा माझ्यापेक्षा हुशार आहे," तो म्हणाला. "याला एकोणऐंशी टक्के आहेत."

मास्तर मटकन बाकावर बसले. दीनाने बर्णबाकडे पाहिलं. तो खरंच सांगत होता, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. शेवटी ती आमोसकडे वळली.

"तुम्ही काय शिकलात हो तिथं?"

"मी बराच वेळ झोपेतच होतो," आमोस म्हणाला.

"लग्न ठरलंय कुठं?"

"नाही."

"मग पुकार करा पाळकसाहेब," दीना म्हणाली. "तीन रविवार लागतील, मी थांबते. पण समुपदेशन नको."

पुकार झाली. ओळीने तीन रविवार पाळकसाहेबांनी दोघांची नावं वाचली आणि या लग्नाला कोणाची हरकत असेल तर उभं राहून सांगावं, असं विचारलं. तिन्ही रविवारी सगळं चर्च मान वळवून बर्णबाकडे बघायचं. दीनाही बघायची, आणि जरा जास्तच वेळ बघायची. बर्णबाच्या गालांवरून पाणी ओघळत असायचं. पण निर्णय क्लायंटचा होता, म्हणून तिन्ही रविवारी तो जागचा हलला नाही.