शेवाळ लागलेलं चाक

फार पूर्वी, सायकलला दोन चाकं लागतातच असं ज्या गावाला मान्य नव्हतं, अशा एका गावात एक मिस्त्री राहत होता. तो एकचाकी सायकली बांधायचा. खाली एक चाक, दोन बाजूंना पायडल, वर चामड्याची गादी. धरायला काहीच नाही. कधीकाळी त्या गावात घरोघरी असे मिस्त्री होते. आता हा एकटाच उरला होता. त्याच्या चाकाच्या दांडीवर पाकोळीचा छाप असायचा आणि लांबलांबचे खेळकरी तो छाप शोधत येत.

गावाची एक रीत होती. नवं चाक गिऱ्हाइकाला देण्याआधी बांधणाऱ्यानं स्वतः त्यावर बसून नदीचा बंधारा पार करायचा. बंधारा दगडी आणि अरुंद, त्यावर बारमाही हिरवं शेवाळ. एका अंगाला घोटाभर पाणी, दुसऱ्या अंगाला काळा डोह. हे काम पहाटे एकट्यानं करायचं, कारण बघे जमले की हसतात, आणि हसणाऱ्याकडे नजर गेली की तोल जातो. चाकाला शेवाळ दिसलं की गिऱ्हाईक समजायचं, मिस्त्री बसला, चाक टिकलं.

दोरीवर खेळणाऱ्यांचीही एक रीत होती. नवं चाक आधी जमिनीवर फिरवायचं नाही, नाहीतर दोरी रुसते. त्यामुळे त्यांचा सगळा भरवसा त्या शेवाळावर.

एका हिवाळ्यात मिस्त्री डोहाच्या अंगाला पडला. कोळ्यांनी त्याला बाहेर काढलं. साधं खरचटलंही नव्हतं. पण तेव्हापासून बंधाऱ्याच्या पहिल्या दगडावर पाय ठेवला की त्याच्या मांड्या लटपटायच्या आणि कानात पुन्हा ते थंड पाणी शिरायचं. लाजेपोटी त्यानं हे बायकोलाही सांगितलं नाही. पहाटे चाक घेऊन जायचं, काठावरचं मूठभर शेवाळ खरवडायचं, चाकाला फासायचं आणि घरी यायचं. हात कसबी होता, चाकं चालली. मग त्यानं मनाची समजूत घातली, की बसण्यात तरी काय एवढं?

एके दिवशी दारात एक तरुण पोरगी उभी राहिली. तिच्या खांद्यावर जुनाट एकचाकी होती आणि मागे ढोलकी घेतलेला तिचा बाप.

"मिस्त्रीकाका, हे माझ्या आजीचं चाक," ती म्हणाली. "तुमच्या आजोबांनी बांधलेलं. आता पार झिजलंय. जत्रेत पेठेवर दोरी बांधणार आहोत. नवं करून द्या."

"दोरी किती उंच?"

"देवळाच्या कळसाला विचारा," पोरगी हसली.

"खाली जाळी?"

"जाळी बांधली तर लोक मान वर कशाला करतील?" बाप म्हणाला.

मिस्त्रीनं जीव ओतून चाक बांधलं. जत्रेच्या पहाटे तो ते घेऊन बंधाऱ्यावर गेला. हातानं फिरवलं, तर जराही आवाज नाही. पण त्याचा बाप सांगायचा, "चाक हातात गोड बोलतं. खरं बोलतं ते माणूस वर बसल्यावर."

त्यानं पहिल्या दगडावर पाय ठेवला. डोहात कुठेतरी बुडबुडा फुटला, आणि मिस्त्री मागे सरला. पुन्हा पुढे गेला, पुन्हा मागे आला. शेवटी काठावर बसून त्यानं शेवाळ खरवडलं.

पोरगी चाक न्यायला आली. तिनं शेवाळाला बोट लावलं, ते कपाळाला टेकवलं आणि फडक्यानं चाक पुसून घेतलं. म्हणाली, "तुम्ही बसलात ना काका, मग मला कसली भीती?"

तिची भीती जणू त्याच क्षणी मिस्त्रीच्या पोटात जाऊन बसली.

बायकोनं ताट वाढलं, पण त्यानं ते तसंच बाजूला सारलं. "अहो, झालंय काय तुम्हाला?" ती विचारत राहिली. दुपारी पेठेतून ढोलकी ऐकू आली. मिस्त्री तसाच अनवाणी उठून धावला.

पोरगी खांबावर चढली होती. चाक दोरीवर टेकवून ती एक पाय पायडलवर ठेवत होती. गर्दीत मिस्त्री दिसताच तिनं वरूनच हात हलवला. गप्प राहावं, असं त्याला वाटलं. आजवर कोणतं चाक मोडलं होतं? बोललो तर पाकोळीच्या छापाला कोण विचारील? आणि तेवढ्यात पोरगीनं खांब सोडायला हात उचलला.

"थांब! बसू नकोस!"

ढोलकी बंद पडली. "काय मिस्त्री, दिवसाढवळ्या चढवून आलात का?" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. पोरीचा बाप लालबुंद झाला. "खेळ असा मध्येच थांबवतात का?"

"मी त्या चाकावर बसलेलो नाही," मिस्त्री म्हणाला. "शेवाळ हातानं फासलंय. मला बंधाऱ्याची भीती वाटते."

आता कुणीच हसलं नाही. पोरगी हळूहळू खाली उतरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चला बंधाऱ्यावर," ती म्हणाली. "मी बसून बघते."

"नाही पोरी. आधी बांधणाऱ्यानं."

सगळी जत्रा नदीकाठी लोटली. मिस्त्री चाकावर बसला, तेव्हा त्याचे दात वाजत होते. पोरगी उथळ पाण्यात उतरून त्याच्या बाजूनं चालू लागली. "डोहाकडे बघू नका. पुढच्या दगडाकडे बघा," ती म्हणत होती. एक दगड गेला, दुसरा गेला. बंधाऱ्याच्या मध्यावर आल्यावर खाली 'कट्' झालं. पायडलची खीळ निसटली, दांडी लुळी पडली आणि मिस्त्री कोसळला. पोरगीनं सदरा धरून त्याला आपल्या अंगाला ओढलं. तो घोटाभर पाण्यात गुडघ्यावर आपटला. गुडघा फुटला.

बापानं पाण्यातून ती खीळ उचलली. एकदा खिळीकडे बघितलं, एकदा लांबवर पेठेवर ताणलेल्या दोरीकडे. मग तो मटकन खाली बसला.

त्या वर्षी दोरीचा खेळ झाला नाही. पाकोळीच्या छापाची नाचक्की झाली, आणि कितीतरी दिवस मिस्त्रीच्या दारी कुणी फिरकलं नाही. आधीची चाकं नेलेल्यांच्या घरी तो लंगडत गेला, प्रत्येकाला खरं सांगितलं आणि प्रत्येक चाक परत आणून त्यावर बसला. भीती काही गेली नाही. फक्त आता तो बायकोला उथळ पाण्यातून सोबत चालायला सांगू लागला.

पुढच्या जत्रेला ती पोरगी पुन्हा आली. मिस्त्रीनं नवं चाक पुढे केलं. तिनं शेवाळाकडे बघितलंही नाही.

"काका, बंधाऱ्यावर पाय थरथरले का?"

"लई थरथरले गं."

"मग द्या इकडे," ती म्हणाली, आणि चाक खांद्यावर टाकून पेठेकडे निघाली.

तात्पर्य एवढंच: भीती वाटण्यात लाज नाही. आपली भीती झाकण्यासाठी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावण्यात लाज आहे.