झिपरीचं बिनचूक गणित

जनावरं गणितं घालत बसायची, त्या काळी झिपरी नावाची एक खार होती. एकदा शेंगा खाताना तिला पंधरा हात मागे दबा धरलेला बोका दिसला. समोरचं झाड दहा हातांवर होतं.

"तुझा वेग माझ्या दुप्पट," झिपरी हसून म्हणाली. "मी दहा हात पळेन, तोवर तू वीस पळशील. झाड तुझ्यापासून पंचवीस हात. म्हणजे मी सुटले!"

"कळलं नाही बाई, पुन्हा सांग," म्हणत बोका पुढे सरकला.

झिपरीने तोऱ्यात तीनदा समजावलं. बोका दर वेळी आणखी सरकला, आणि मग त्याने झेप घेतली. झिपरी कशीबशी झाडावर चढली, पण शेपटीचा झुपका बोक्याच्या तोंडात राहिला.

केस थुंकत बोका म्हणाला, "उत्तर बरोबर होतं हो तुझं. गणित तेवढं मघाचं होतं."