पदराच्या गाठी

एकदा काय झालं, नदीकाठच्या एका गावात सारजा नावाची विणकरीण राहायची. तिची लेक चंपी, पंधरा वर्षांची. पोर गुणाची, पण भारी धांदरट. पाण्याला जायची आणि घागर विहिरीवरच विसरून यायची. चुलीवर दूध ठेवायची आणि फुलं वेचायला पळायची. हातात तीन कामं, तिन्ही अर्धवट, बरं का.

सारजाच्या मागाच्या वर, छपराच्या कोपऱ्यात एक म्हातारा कोळी राहायचा. आठ पायांचा. सारजानं त्याचं जाळं कधी झाडलं नाही. म्हणून एक दिवस तो म्हणाला, "बाई, हा माझा धागा घे, पदरात विण. त्या पदराला गाठ मारली, की वेळ झाल्यावर गाठ बोलेल. पण ज्याचं काम, त्यानंच ती मारायची हं."

सारजानं पदर विणला. लेकीला द्यायला निघाली आणि दारात थांबली. ही पोर पदरच कुठंतरी टाकून येईल, असं तिला वाटलं. मग तिनं तो आपल्याच लुगड्याला जोडला. इथंच चुकलं बघा.

मग तिनं चंपीच्या घागरीची गाठ मारली. मग दुधाची. मग शेळीची. गाठ बोलायची, "घागर राहिली." सारजा हातातला मागाचा धोटा टाकून धावायची. "दूध उतू चाललं." सारजा धावायची. "शेळी सुटली." तरी सारजाच धावायची. चंपीला काही ऐकूच यायचं नाही. कसं येणार? गाठी आईच्या पदराला. असं करता करता पदर गाठींनी भरून गेला.

मग एकदा पैलतीरावरून सारजाच्या आईचा निरोप आला. "नदी चढायच्या आत येऊन जा गं. एकदा डोळे भरून बघू दे." सारजानं गाठ मारायला पदर धरला, तर बोटभरही जागा नाही. राहील माझ्या लक्षात, ती म्हणाली. पण पदर दिवसभर बोलायचा आणि ती दिवसभर धावायची. नदी चढली. चार महिने नाव सुटली नाही.

पाणी ओसरल्यावर मायलेकी पलीकडे गेल्या. आजीच्या दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "म्हातारी रोज धक्क्यावर येऊन बसायची हो. डोळे मिटेपर्यंत."

सारजा उंबऱ्यावर बसून खूप रडली. "माझी स्वतःची एकच गाठ होती, तीच राहिली," म्हणाली. चंपीनं तिचा पदर हातात घेतला. एकेक गाठ चाचपली. मग हळूच म्हणाली, "आई, ह्या सगळ्या माझ्याच आहेत."

मग दोघींनी मिळून गाठी सोडल्या. सारजानं तो पदर उसवून लेकीला दिला. पहिल्या दिवशी चंपी गाठ मारायलाच विसरली. दूध उतू गेलं. सारजा जीव मुठीत धरून जागेवरच बसली. दुसऱ्या दिवशी चंपीनं दहा गाठी मारल्या. सगळ्या एकदम बोलल्या आणि ती रडकुंडीला आली. सारजानं एवढंच विचारलं, "आधी काय करायचं, चंपे?" तिसऱ्या दिवशी चंपीनं एकच गाठ मारली, घागरीची. गाठ बोलली आणि चंपी उठली.

मग हळूहळू जमत गेलं. दर वर्षी नदी चढायच्या आत आजीच्या उंबऱ्यावर दिवा लावायचा, ही गाठ चंपीच मारायची. ती कधी चुकली नाही. दोघी सुखानं राहिल्या. पण धक्क्यावर उतरली, की सारजा थोडा वेळ तिथं बसायचीच.

संपली गोष्ट, मिटा डोळे. उद्याचं दप्तर तुमचं तुम्ही भरा, मी आठवण करून देणार नाही. तुमच्या बाबाच्या गाठी मी फार वर्षं माझ्याच पदराला मारल्या, म्हणून सांगते. सोडा बघू आता माझा पदर, आणि झोपा.