धारनाक दुसऱ्यांदा चालला

सरकारी मोजणीची साखळी अजून या खोऱ्यात आली नव्हती, नकाशा कशाला म्हणतात ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि शेताची हद्द माणसाच्या तळपायात असायची, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. मी माझ्या आज्याला विचारलं होतं, तर तो म्हणाला, माझ्याही आज्याला ठाऊक नव्हतं. आणि हो, ज्याला भर दुपारी एकट्यानं रानातून जायचं असेल त्यानं आत्ताच उठावं. मागनं मला बोल लावायचा नाही.

आपल्या या निंबसरीत धारनाक नावाचा महार होता. वेशीची राखण त्याच्याकडं आणि शिवेची जाणही त्याच्याकडं. त्या काळी गावानं त्याला चावडीच्या पायरीवर चढू दिलं नाही, पाणी वरून ओंजळीत ओतलं, हे सगळं खरं आहे, झाकण्यात अर्थ नाही. पण जमिनीचा तंटा लागला की पाटलापासून जोशीबुवांपर्यंत सगळे त्याच्याच तोंडाकडं बघत उभे राहायचे. भावाभावांची वाटणी असो, कूळ म्हणो मी कसणार आणि मालक म्हणो मी काढणार, धारनाक चालला ती हद्द. त्याच्या पुढं दाद मागायची सोय नव्हती.

चालायची रीत अशी होती. डोक्यावर ओलं कातडं, कातड्यावर त्याच शेतातलं ढेकूळ. पाय अनवाणी, नजर खाली, तोंडातनं चकार शब्द नाही. पण चालण्याआधी एक काम असायचं. जुनी माणसं हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरून ठेवायची, कारण दगड हलवता येतो, लाकूड कुजतं, कोळसा मात्र मातीत तसाच्या तसा राहतो. धारनाक आधी दगडापाशी बसून उकरायचा. बोटं काळी झाली की मगच उठायचा. आणि जो खोटा चालेल त्याला एकवीस दिवसांत माती घेते, असं म्हणतात.

तीस वर्षं तो चालला, एकदाही चुकला नाही. मग लोक म्हणायला लागले, अरे धारनाक, तू उकरतोस तरी कशाला? तुझ्या तळपायालाच कोळसा कळतो. माणूस कितीही शहाणा असला तरी स्तुती कुणाला कडू लागते? त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

तर या गावात खराड्यांचे दोन भाऊ होते. थोरला येमाजी, धाकटा सुभान. बापाच्या जमिनीत दोघांचा सारखा वाटा, आणि विहीर पडलेली धाकट्याकडं. सुभान पटकीत गेला. त्याची बायको गोजरा दोन लेकींना घेऊन माहेरी गेली, ती दोन वर्षांनी परत आली. येमाजीनं त्या दोन वर्षांत काय केलं माहीत आहे? हद्दीचा दगड उचलून विहिरीच्या पलीकडं नेला, आणि निवडुंगाचं कुंपण सरळ त्या रेषेवर नेऊन लावलं. निवडुंगाला काय, कुठंही खोचा, जगतं. दोन पावसाळ्यांत ते असं माजलं की आज्याच्या काळापासून तिथंच आहे असं वाटावं.

गोजरा म्हणाली, विहीर माझी. येमाजी म्हणाला, कुंपण बघ आणि बोल. पाटलानं धारनाकाला बोलावलं.

वैशाखाचं ऊन होतं. धारनाक दगडापाशी बसला, हात मातीला लावला, तेवढ्यात येमाजी म्हणाला, "अरे, तुझ्या पायांवर साऱ्या गावाचा भरवसा! या उन्हात उकरत कशाला बसतोस?" चार माणसं हसली. हो हो म्हणाली. गोजरा तेवढी बोलली, "धारनाकदादा, उकरा की हो." पण बाईचं, त्यातून विधवेचं, कोण ऐकतो? धारनाकानं हात झटकले आणि उठला. डोक्यावर ढेकूळ घेतलं आणि कुंपणाच्या कडेनं चालत गेला. विहीर येमाजीकडं गेली.

गोजरा रडली नाही, भांडली नाही. त्याच्याजवळ जाऊन एवढंच म्हणाली, "तुम्ही उकरलं नाहीत." पाण्याशिवाय तिच्या वाट्याला नुसता माळ उरला. आषाढ लागला की लेकींना घेऊन गाव सोडायचं, असं तिनं ठरवलं. जाणार कुठं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

एकवीस दिवस गेले. धारनाकाला साधं पडसंही आलं नाही. लोक म्हणाले, बघा, खराच चालला होता.

बाविसाव्या दिवशी दुपारी एक गवळण येमाजीच्या बांधावरनं येत होती. तिनं पाहिलं, धारनाक कुंपणाच्या कडेनं चालतोय. डोक्यावर कातडं, कातड्यावर ढेकूळ, नजर खाली. तिनं हाक मारली, त्यानं मान वर केली नाही. ती तशीच वेशीपाशी आली, आणि वेशीत धारनाक दोर वळत बसलेला! "काय गं, धापा का टाकतेस?" असं त्यानं विचारलं, आणि ती जागच्या जागी कोसळली. तिला भरलेला ताप नऊ दिवस उतरला नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दोघांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी खुद्द येमाजीनं. सूर्य डोक्यावर आला की तो यायचा, सावलीवाचून. पायानं जमीन चाचपत चालायचा, काहीतरी हरवल्यासारखा. येमाजीचे मोटेचे बैल त्या वेळी पाऊल उचलेनात, मारलं तरी उचलेनात. आणि सगळ्यात वाईट काय, तर तो रोज थोडा गावाकडं सरकत होता. आज कुंपणापाशी, उद्या ओढ्यापाशी, परवा चिंचेखाली. बायका दुपारच्या चुली विझवायला लागल्या, धूर बघून घरात यायचा म्हणून. लेकरांच्या तोंडावर हात ठेवून माणसं दाराआड बसायची. धारनाकाला हे कुणी सांगेना. सांगणार कोण? "तू दोन ठिकाणी दिसतोस" असं कुणाला तोंडावर सांगता येतं का!

नवव्या दिवशी धारनाक घरात भाकरी खात होता. त्याची बायको चांगुणा दारात आली आणि उभ्या उभ्या थिजली. अंगणात तिचा नवरा उभा होता. डाव्या टाचेची भेग तीच, कानामागचा तीळ तोच. मागं वळून बघते तर नवरा घरात, हातात तुकडा.

"बाहेर बघू नका," ती म्हणाली. "माझ्या गळ्याची शपथ आहे."

त्यानं बघितलंच. हातातला तुकडा खाली ठेवला. मग म्हणाला, "मी उकरलं नव्हतं."

आता दुसरा नियम ऐका. एकदा चाललेली हद्द जो स्वतः फिरवील, त्याला माती ठेवून घेते. हे धारनाकाला ठाऊक होतं, चांगुणालाही ठाऊक होतं. तिनं त्याचे पाय धरले. "तुम्ही गेलात तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? गप बसा. जाईल तो. सगळंच जातं एक दिवस."

"चांगुणा, मी भितो गं," तो म्हणाला. "लई भितो. पण ती बाई आषाढात लेकी घेऊन जाणार, आणि हा माझ्या दारात उभा राहणार. मी जगू कसा?"

तो तसाच उठून चावडीपाशी गेला आणि भर दुपारी ओरडला, "मी चुकलो! येमाजीच्या शेतात मी चुकलो!" दारं उघडली. पाटील म्हणाला, अरे झालं ते झालं, आता निवाडा फिरवलास तर उद्या तुझ्या शब्दाला कोण विचारील? येमाजी तर हात जोडून म्हणाला, नको, नको. धारनाक कुणाचं ऐकायला थांबला नाही. सगळं गाव त्याच्या मागं निघालं, पण हातभर अंतर ठेवून.

येमाजीच्या दगडाखाली त्यानं उकरलं. कोळसा नव्हता. नुसती माती. मग विहिरीच्या अलीकडं, जुन्या जागी उकरलं, तेव्हा बोटं काळी झाली. मग त्यानं कातडं डोक्यावर घेतलं, ढेकूळ ठेवलं आणि जुन्या हद्दीवरनं चालायला लागला. तिकडं कुंपणाच्या कडेनं तो दुसराही चालायला लागला. दोघं बरोबरीनं, पावलाला पाऊल.

पावसाआधीची तापलेली जमीन, कुदळ टाकली तर ठिणगी उडेल अशी. त्या जमिनीत धारनाकाचं पहिलं पाऊल घोट्यापर्यंत गेलं. पुढचं नडगीपर्यंत. तो पाय उपसायचा आणि पुढं टाकायचा. गुडघा गेला. विहीर मागं पडली, गोजराच्या बाजूला आली. मांड्या गेल्या. चांगुणा धावली, तिला चौघींनी धरून ठेवलं. कंबर गेली तेव्हा गोजरा किंचाळली, "दादा, पुरे! मला नको विहीर! वर या, मी जाते गाव सोडून!"

चालताना बोलायचं नसतं. त्यानं नुसती मान हलवली, नाही म्हणून, आणि पुढं सरकला.

हद्दीच्या टोकाला पोचला तेव्हा माती छातीला लागली होती. दुसरा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, त्यानं आपल्या डोक्यावरचं ढेकूळ उचललं आणि धारनाकाच्या डोक्यावर ठेवलं. एवढंच केलं त्यानं. लोकांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा दोघंही नव्हते, कातडं तेवढं जमिनीवर पडलेलं होतं.

माणसांनी कुदळी आणल्या, सगळ्यांत आधी येमाजीनं. हातभर खणलं तर कोळसा लागला. पुरुषभर खणलं, कोळसाच. दोन पुरुष खणलं. धारनाक सापडला नाही. येमाजीनं त्याच दिवशी उघड्या हातांनी निवडुंग उपटलं आणि मरेपर्यंत त्याच्या बोटांतले काटे निघाले नाहीत, असं म्हणतात. विहीर गोजराला मिळाली. तिनं रहाटाचा दोर चांगुणाच्या हातात दिला, म्हणाली, बाई, तुझं पाणी तू स्वतः काढायचं. तेव्हा गावात कुणी हूं की चूं केलं नाही.

तेव्हापासून निंबसरीत एक रीत आहे. तंटा कूळ-मालकाचा असो, वारसांचा असो, दुकानातल्या भागीदारांचा असो, निवाड्याला बसणारा माणूस आधी धारनाकाच्या खड्ड्यापाशी उभा राहतो आणि आपण केलेला एक चुकीचा निवाडा मोठ्यानं सांगतो. सांगितल्याशिवाय कुणी त्याच्यापुढं तोंड उघडत नाही. मागं तालुक्याहून एक मोठे वकील आले होते मध्यस्थीला. म्हणाले, माझं आजवर काही चुकलेलं नाही. लोकांनी सतरंजी गुंडाळली. त्यांना चहा दिला आणि म्हणाले, साहेब, बारा वाजायच्या आत निघा.

मी गेली बावीस वर्षं पंच म्हणून बसतो. मलाही सांगावं लागतं. पिठाच्या गिरणीत दोघांची भागी होती, रंगनाथ आणि सोपान. भांडण माझ्याकडं आलं. रंगनाथ आधी बोलला आणि झकास बोलला. सोपान तोतरा. एक वाक्य संपवायला त्याला पाणी प्यावं लागायचं. मला घरी जायची घाई होती, शेत भिजवायचं होतं. म्हटलं, बस खाली, समजलं मला. मला काही समजलं नव्हतं. गिरणी रंगनाथला दिली. खरं सोपानच बोलत होता ते वर्षानं कळलं, तोवर सोपान बायकापोरांसकट गाव सोडून गेला होता.

हे मी दर वेळी त्या खड्ड्यापाशी सांगतो. लोक माना डोलवतात आणि मी निवाड्याला बसतो. पण धारनाकानं नुसतं सांगितलं नव्हतं बाबांनो, तो चालला होता. या उन्हाळ्यापासून मी दुपारी गिरणीकडं बघत नाही. तिथं ओट्यावर पाठमोरा कुणीतरी बसलेला असतो, खांद्यावर माझ्यासारखाच पंचा.

सोपान आता जिथं राहतो तिथली एसटी सकाळी नऊला सुटते. रोज स्टँडवर जातो मी. अजून चढलेलो नाही.