ओ न देणारा डोंगर

आधी या डावीकडच्या उंबऱ्या डोंगराला हाक मारा. मारा, लाजू नका, इथं कोणी हसणार नाही. बघा, आली ना परत? आता उजवीकडच्या कोंबड्या डोंगराला हाक मारा. त्याची साद जरा घोगरी येते, पण येते. आता मधल्याला मारा, तो काळ्या कातळाचा, माथ्यावर सपाट. मारा की दादा, तुमचा आवाज मोठा आहे. नाही ना आली? दम खाऊन परत मारा हवं तर, पण येणार नाही. मागे एका कॉलेजची मुलं आली होती, त्यांनी घसा बसेस्तोवर ओरडून पाहिलं. त्यांचे सर म्हणाले, कातळाचा उतार तसा आहे, आवाज वरच्या वर निघून जातो. असेलही. आमच्या पाड्यात मात्र त्याचं कारण वेगळं सांगतात.

आणि या डोंगराला नाव नाही. इकडच्या टेकाडाटेकाडाला नाव आहे, ओढ्यातल्या धोंड्यालाही आहे, आणि एवढ्या मोठ्या डोंगराला नाही. आम्ही त्याला ‘तो मधला’ म्हणतो. एक काळ असा होता म्हणे, की त्याचं नाव या सगळ्यांत देखणं होतं.

ताई, तुम्ही मघाशी मोबाइलवर दाखवलंत ना, आदिवासी मुलांची नावं आणि त्यांचे अर्थ, त्यात माझं नाव नव्हतं. मी शनवार. अर्थ काय, तर शनिवारी जन्मलो, संपलं. माझा भाऊ नवशा, तो नवसानं झाला. चुलता रडक्या, तो पाळण्यात रडला तेवढाच, पुढे जन्मभर लोकांना हसवत फिरला. पण मी घरात बायकोला हाक मारली, ‘सोनकी, पाहुण्यांना पाणी दे,’ ते नाव तुमच्या मनात भरलं. मुलगी झाली तर हेच ठेवू म्हणालात, आणि लगेच अर्थ विचारलात. श्रावण सरला की हा माळ पिवळा करतं ते फूल म्हणजे सोनकी. एवढं तर कोणीही सांगेल. पण आमच्यात त्या नावाचा अर्थ फुलापाशी थांबत नाही. बसा असे सावलीला, या अवस्थेत उन्हात उभं राहू नये.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा त्या मधल्या डोंगराचं नाव सोनकी होतं. आश्विनात तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत पिवळा होई, म्हणून सोनकी. पाड्यात बारकी नावाची एक बाई राहत होती. तिला लेकरं होत, पण टिकत नसत. नाव ठेवायच्या आधीच जात. आमच्यात असं मानतात की नाव नसलेलं मूल घरातलं नसतं, ते अजून पाहुणं असतं. त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर असतो. नाव मिळालं की मग ते आत येतं.

तर ही बारकी पुन्हा दिवसांत होती आणि डोंगरावर कंद खणायला गेली होती. घरात बसवून खायला घालणार कोण? वरच, एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि पोर झाली. मुलगी. सोबत कोणी नाही. तिनं डोंगराच्या झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन पोरीचं तोंड पुसलं, लुगड्यात गुंडाळली आणि आपल्या पायांनी खाली आली. तुम्ही दवाखान्यातल्या खोलीची चौकशी करता ना आधी, बारकीची खोली तो धोंडा होता.

पाचव्या दिवशी सुईण आली, मथीआजी. पाड्यातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली, त्यामुळे तिच्यापुढे आवाज चढवायची कोणाची छाती नव्हती. आता आमच्याकडे नाव कसं ठेवतात ते ऐका. बाकी गावांचं मी सांगत नाही, आमच्या पाड्याचं सांगतो. पानाच्या द्रोणात पाणी घेतात. सुईण त्यात तांदळाचे दोन दाणे सोडते आणि घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेते. दाणे लांब गेले तर ते माणूस आलेलं नाही. दाणे तरंगत तरंगत एकमेकांना येऊन चिकटले, की ते माणूस परत आलं, तेच नाव. आम्ही नाव निवडत नाही. कोण आलंय ते विचारतो.

मथीआजीनं बारकीच्या सासूचं नाव घेतलं, दाणे लांब गेले. आजेसासूचं घेतलं, लांब गेले. मग माहेरच्या गेलेल्या बायका, मग आठवतील तेवढ्या आत्या, मावश्या, चुलत्या सगळ्या झाल्या. तांदूळ भिजून जड झाले की आजी नवे दाणे सोडी. कुणाचंच जमेना. आणि पोर दूध घेईना. आधीच्या लेकरांचंही असंच झालं होतं, दूध सोडायचं आणि मग जायचं. बारकी भिंतीला टेकून बसली होती. तिनं आजीला सांगितलं म्हणे, ‘आजे, काहीही नाव दे गं. कुत्र्याचं दे, पण दे.’

मथीआजी चिडली. नाव काय बाजारातलं भांडं आहे, दिसलं ते उचललं? मग म्हणाली, पोरीनं पहिलं पाणी कुणाच्या घरचं घेतलं? बारकी म्हणाली, सोनकीचं. आजीनं दोन दाणे सोडले आणि डोंगराचं नाव घेतलं. दाणे जे चिकटले ते, म्हणे, बोटानं सोडवूनही सुटेनात.

झालं. पाड्यात बोभाटा झाला. गेलेल्याचं नाव घेणं वेगळं, त्याला आता नावाचं काम नसतं. डोंगर काही मेलेला नव्हता. जिवंताचं नाव त्याच्या मर्जीशिवाय घेता येत नाही, आणि त्यानं दिलं तर ते त्याच्याकडे उरत नाही. एका हाकेला दोघं कसे ओ देणार? भगत तर थेट नाहीच म्हणाला. लखमा भगत त्याचं नाव, माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यावर सगळ्या पाड्याचं पोट होतं. पेरणीच्या आधी भगत माळावर उभा राहून एकेका डोंगराला नावानं हाक मारतो. डोंगर ओ देतो, म्हणजे तो जागा आहे, त्याला आपली पेरणी कळली. आमचा पाऊस त्या मधल्या डोंगरावरून येतो. लखमा म्हणाला, त्याला नावच राहिलं नाही तर मी हाक कशी मारू? ज्याला हाक मारता येत नाही त्याला पाऊस कसा मागू? एका पोरीपायी सगळ्यांची भातं वाळवू का?

त्याचंही चुकत नव्हतं, बरं का. मी कैक वेळा ही गोष्ट सांगितली, पण लखमाला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही.

बारकीनं कोणाशी वाद घातला नाही. सकाळी पोरीला पोटाशी बांधलं आणि डोंगर चढली. मागून सारा पाडा, भांडत भांडत. माथ्याखाली उभी राहून ती डोंगराशी बोलली. तिचं बोलणं आमच्याकडे अजून जसंच्या तसं सांगतात. ‘माझ्याकडे तुला द्यायला काही नाही. तुझं नाव माझ्या पोरीला दे. तुझ्या नावानं जेव्हा हाक पडेल तेव्हा ती ओ देईल. तुझं ते काम ती करील. चुकणार नाही.’ आणि मग तिनं सगळ्या अंगानं हाक मारली, सोनकी.

रोज ओ देणारा डोंगर तेव्हा गप्प राहिला. लोक वाट बघत राहिले, पण साद आली नाही. आणि पाच दिवस नुसती कण्हणारी ती पोर टाहो फोडून रडली. तिथंच दूध प्याली.

तेव्हापासून डोंगर बिननावाचा झाला. पुढची पेरणी आली, लखमानं हाका मारल्या. उंबऱ्यानं ओ दिली, कोंबड्यानं दिली, आणि सोनकी म्हणताच आईच्या कडेवरची पोर ‘ऊं’ म्हणाली. पाऊस वेळेवर आला. लखमा भगत म्हणे त्या दिवशी पोरीला खांद्यावर घेऊन नाचला.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण पोर मोठी झाली. दरसाल ओ देत गेली, कौतुकात वाढली, आणि मग नदीपलीकडच्या पाड्यातल्या एका पोराशी, जिव्याशी, तिचं जमलं. लग्न लागलं, ती नांदायला गेली. बारकीनं जाताना आठवण केली, पेरणीला ये हं. पोर म्हणाली, ‘शब्द तू दिलास आये. मला विचारून दिला होतास का?’ आता सांगा, यावर आईनं काय बोलावं? खोटं होतं का त्यात काही? 

पेरणीला पोर आली नाही. भगतानं हाक मारली, सगळा माळ ऐकत राहिला. शेवटी बारकीच पुढे झाली आणि लेकीच्या जागी तिनं ओ दिली. आईचं मन ते, तिला वाटलं चालेल. चाललं नाही. ढग उंबऱ्या डोंगरावर बरसले, कोंबड्यावर बरसले, आणि आमच्या माळावर धूळ उडत राहिली. रोपं पिवळी पडली. लोक म्हणाले, नाव डोंगराला परत दे. बारकीनं ऐकून घेतलं. तिला ठाऊक होतं, नाव परत दिलं तर पोरीचा पाय पुन्हा उंबऱ्याबाहेर जाणार.

ती उठली आणि लेकीच्या गावी गेली. सांगायला म्हणून गेली. लेकीनं भाकरी केली, अंबाडीची भाजी वाढली, नवऱ्याच्या गमती सांगितल्या. एवढी सुखात होती की बारकीच्या तोंडून शब्द निघेना. जेवली, लेकीचे केस विंचरून दिले आणि काही न बोलता परतली. मला या गोष्टीत सगळ्यात इथंच भरून येतं. डोंगराशी बोलायला न घाबरलेली बाई लेकीच्या चुलीपुढे मुकी झाली.

पण पोर काही दुधखुळी नव्हती. आई बोलली नाही, पण आईच्या पायांवर नुसती धूळ होती, चिखलाचा ठिपका नाही, ऐन आषाढात. तिला कळायचं ते कळलं. ती जिव्याला म्हणाली, मला गेलं पाहिजे, आणि एका पेरणीपुरतं नाही. जिव्यानं कोयता घेतला म्हणे, घोंगडी घेतली आणि म्हणाला, चल, मलाही तिकडेच घेऊन चल. सासुरवाडीला जाऊन राहणारा तो आमच्या पाड्याचा पहिला घरजावई. लोकांनी त्याची काय कमी चेष्टा केली असेल? मला विचारा.

पोर माळावर उभी राहिली. कोणी बोलावलं नव्हतं, शब्दाला बांधलं नव्हतं. या खेपेला तिनंच भगताला सांगितलं, मार हाक. त्यानं मारली, तिनं ओ दिली. पाऊस आला. आईकडे बघून ती एवढंच म्हणाली, ‘आता माझा शब्द.’

ती म्हातारी होऊन गेली तेव्हा लोक डोंगरावर नाव परत द्यायला गेले. हाक मारली. डोंगरानं ओ दिली नाही, म्हणजे दिलेलं परत घेतलं नाही. मग पुढे एका पोरीच्या पाचवीला त्याच नावावर दाणे चिकटले. ती गेली तेव्हा आणखी एकीच्या. असं चालत आलं. जिच्याकडे ते नाव, ती पाडा सोडत नाही, तिचा नवरा इथं येतो. मी आलो तो असाच. माझे मित्र म्हणाले, शनवार, डोंगराशी लग्न लावतोस का? मी म्हटलं, डोंगर भाकऱ्या चांगल्या करतो.

हसा, हसा. पण खरं सांगू का, आता मला काळजी वाटते. माझी म्हातारी थकली आहे, म्हणून तिच्याच मर्जीनं हल्ली पाचवीला हे नावही विचारतात, पण सुईण या नावापाशी आली की आया तिचा हात धरतात. हे नको विचारू म्हणतात. त्यांनाही कसा दोष देऊ? पोरी शिकतात, नर्स होतात, लांब जातात. या नावानं पोरीला खुंटीला बांधल्यासारखं होईल असं त्यांना वाटतं. माझ्या स्वतःच्या सुनेनं विचारू दिलं नाही. मी रागावलो, चार दिवस जेवलो नाही. मग माझी म्हातारीच मला म्हणाली, पोरीला विचारल्याशिवाय शब्द देऊ नये, एवढं तरी त्या गोष्टीतून शिक.

आजही मिरगाच्या आधी भगत माळावर उभा राहतो आणि डोंगरांना हाका मारतो. उंबऱ्या ओ देतो, कोंबड्या ओ देतो, हा मधला गप्प राहतो, आणि गर्दीतून एक म्हातारी ओ देते. गेल्या पेरणीला तिला हाक ऐकूच आली नाही. कान गेलेत. भगत थांबला, सगळे थांबले, पोरंसुद्धा चिडीचूप. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तिनं ओ दिली. पाऊस आला, पण मी त्या रात्री झोपलो नाही.

काय म्हणता, ताई? पेरणी कधी असते? दरसाल एक दिवस यायला जमेल म्हणता? आणि मुलगी मोठी झाली की तिचं तिला ठरवू द्याल?

हे मला नका विचारू. नाव माझं नाही, आणि ती अजून आहे. खाली घरात नागली निवडत बसली असेल. दारात जाऊन तुम्हीच हाक मारा, जरा मोठ्यानं. ओ देईल ती.