विहिरीच्या कठड्यावरची गोधडी

"रक्तात नाही, तर मग दोष आहे तरी कशात, माय? सांगा ना!"

डॉक्टर निशिकांत देवस्थळी तावातावानं विचारत होते, तेव्हा मी ओसरीवर नगाऱ्याशेजारी त्याच्या काठ्या पुसत बसलो होतो. मी भागुजी, या टेकडीवरच्या मठाचा नगारची. माझं तोंड फटकळ आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

निशिकांत लहानपणी इथंच, हा मठ चालवणाऱ्या मायपाशी शिकला. आता शहरात मोठा डॉक्टर. काही लोक जन्मापासून स्वमग्न असतात, त्याचं मूळ रक्तात शोधायचं काम सरकारनं त्याच्याकडे दिलंय. बारा वर्षं झाली. शोधतोय. आज तो वेणूचं रक्त न्यायला आला होता.

वेणू सव्वीस वर्षांची, तशीच स्वमग्न, मठातच राहते. बोलत नाही, पाटीवर लिहिते. तेव्हाही ती चार हातांच्या अंतरावर बसून तुळशीची पानं खुडत होती, आणि हा बाबा तिच्यादेखत तिच्याबद्दल असा बोलत होता, जणू तिथं कोणी नाहीच!

माय म्हणाली, "दोष सापडला की काय करणार?"

"पुढं अशी मुलं जन्मालाच येणार नाहीत."

वेणूचे हात थांबले.

"आणि जी आलीत?"

निशिकांत पिशवीतून वही काढून पानं चाळू लागला.

"हिला एसटीत बसवत नाही, दवाखान्यातला गोंगाट सोसत नाही. त्यावर कोण शोध घेतंय?"

"तो आमचा विषय नाही, माय. त्याला अनुदान मिळत नाही."

"विषय ठरवतं कोण?"

"समिती असते."

"समितीत वेणूसारखं कोण आहे?"

निशिकांत हसला. खरंच हसला हो! "त्यांना काय कळणार त्यातलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मायकडे बघून मी काठ्या पुसत राहिलो.

त्यानं कागद पुढं केला. "हिच्या वडिलांनी अंगठा दिलाय. चार दिवस शहरात ठेवू. तुम्ही फक्त पाठवा."

"अंगठा बापाचा, आणि रक्त हिचं?"

वेणूनं पाटी उचलून त्याच्यासमोर धरली. मोठ्या अक्षरात एकच शब्द होता, नको.

निशिकांतनं तो वाचला आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. "बघा, माय. हा विरोध हेसुद्धा लक्षणच आहे."

वेणूनं पाटी छातीशी धरली.

आता नगाऱ्याचं सांगतो. पूर्वी आरतीला नगारा वाजला, की वेणू कान दाबून भिंतीवर डोकं आपटायची. घरच्यांनी अंगारे केले, धुपारे केले, मग डॉक्टर केले. मायनं काय केलं? तिच्या हातात पाटी दिली आणि विचारलं, "काय दुखतं गं?" वेणूनं लिहिलं, नगारा.

बस्स. एवढंच होतं!

तेव्हापासून मठाचा रिवाज बदलला. दिवसभर नगाऱ्यावर गोधडी असते. आरतीच्या वेळी वेणू ती काढते, खांद्यावर टाकते आणि टेकडीखालच्या विहिरीवर जाते. ती गोधडी विहिरीच्या कठड्यावर दिसली, की मी वाजवतो. सुरुवातीला मी केवढा भांडलो होतो! माझ्या पणज्यापासूनचा नगारा, आणि एका पोरीसाठी खोळंबून ठेवायचा? आज आठवलं, की माझी मलाच लाज वाटते.

त्या दिवशीही आरतीची वेळ झाली. वेणू गोधडी घ्यायला उठली.

निशिकांतनं मोबाईल काढला. "भागुजी, तिला जाऊ देऊ नका. ती इथं असतानाच वाजवा. काय होतं ते मला टिपायचंय. एकदाच."

हातातली काठी त्याच्या टाळक्यात घालावी असं वाटलं. देवाशपथ.

माय उठली. "बरोबर बोलतोय तो. टिपायलाच हवं."

मी आ वासून बघत राहिलो. माय, तूसुद्धा?

मायनं गोधडी उचलली, वेणूच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "तू जा, बाळ."

वेणू गेली. मग माय निशिकांतकडे वळली. "तू इथं बस. नगाऱ्याला खेटून. जवळून नीट टिपता येईल."

"माझं कशाला टिपायचं, माय?"

"बस म्हणते ना."

तिच्या हाताखाली शिकलेला माणूस. बसला.

खाली कठड्यावर गोधडी दिसली. मायनं मान हलवली... आणि मघापासूनचा सगळा राग माझ्या दोन्ही हातांत उतरला.

तिसऱ्या ठोक्याला निशिकांतनं कान दाबले. पाचव्याला धडपडत मागं सरकला, डोकं खांबावर आपटलं. मोबाईल कुठं, वही कुठं!

"थांबवा! नको! अहो, नको म्हणतोय ना!"

मी मायकडे पाहिलं. तिनं खाली पडलेली वही उचलली, त्यातली पेन्सिल काढली, सावकाश लिहिलं, 'नको म्हणतो. हेसुद्धा लक्षणच.' मगच हात वर केला.

नगारा थांबला. निशिकांत घामाघूम, कान अजून दाबलेलेच.

माय त्याच्यापाशी बसली. त्याच्या पिशवीतली रक्त घ्यायची रिकामी नळी तिनं माझ्या हातात दिली आणि त्याच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

"घाबरू नकोस, निशिकांता. बारा वर्षं लागली तरी चालतील... तुझ्या रक्तातला दोष आपण शोधून काढू."